उकिरड्याचे पांग : समुद्रातील प्लास्टिकविरुद्ध झालेल्या लोकप्रयत्नांचा इतिहास

समुद्रात साचत चाललेल्या प्लास्टिकविरुद्ध निरनिराळ्या किनाऱ्यांवरील लोकांनी जे प्रयत्न केले, त्यांचा इतिहास अवघ्या चार दशकांचा आहे. एवढा अल्प कालखंड इतिहासलेखनास अपुरा आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु ह्या प्रयत्नांविषयी आज जे लिहिले जाते, ते बहुधा गौरवपर तरी असते किंवा उपहासपर तरी. एका पक्षास प्रत्येक स्वच्छता-मोहीम ही क्रांती वाटते. दुसऱ्या पक्षास ती छायाचित्रापुरती हौस वाटते. लोकांनी नेमके काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि कोठे त्यांचे पाऊल अडले, ह्याचा क्रमवार विचार दोन्ही पक्ष टाळतात. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाविज्ञान असल्यामुळे शब्दांच्या साक्षीकडे येथे थोडे अधिक लक्ष दिले आहे. ज्या गोष्टींची दप्तरे नीट ठेवली जात नाहीत, त्यांची नोंद पुष्कळदा शब्दच ठेवतात, हे त्याचे कारण होय.

प्रारंभ वस्तूपासूनच केला पाहिजे. बेकलँड ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली बेकेलाइट सिद्ध केले, आणि १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिथीन जवळजवळ अपघातानेच हाती लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या कृत्रिम पदार्थांचे उत्पादन झपाट्याने वाढले. ‘प्लास्टिक’ हा शब्द मूळ ग्रीक; ‘हवा तसा आकार देता येण्याजोगे’ हा त्याचा अर्थ. म्हणजे नाव पडले ते वस्तूच्या जन्मावेळच्या गुणावरून. तिच्या अंताविषयी नाव काहीच सांगत नाही. मराठीने हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला आणि त्यास पर्याय शोधण्याची खटपट फारशी केली नाही.

ह्याउलट टाकाऊ वस्तूंविषयीचा मराठीचा जुना शब्दसंग्रह पाहावा. केर, कचरा, राख, शेण, उकिरडा, सोनखत ह्या शब्दांमागे एक गृहीत गोष्ट आहे, ती ही की टाकलेली वस्तू कुजते, मातीस मिळते आणि खतरूपाने परत येते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण ह्याच अनुभवातून निघाली असली पाहिजे. ज्या समाजात उकिरड्याला भवितव्य आहे, त्या समाजाला टाकण्याच्या क्रियेचे भय वाटण्याचे कारण नाही. प्लास्टिक मात्र त्या म्हणीत बसत नाही; त्याचे पांग बारा वर्षांत तर नाहीच, पण बारा पिढ्यांतही फिटतील की नाही ह्याची शंका आहे. तरीही आपण त्यास जुन्याच क्रियापदाने ‘टाकतो’. वस्तू बदलली, क्रियापद बदलले नाही. ह्या एका विसंगतीत पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे.

समुद्राच्या बाबतीत हा बदल आणखी एका मार्गाने शिरला. पूर्वी कोळ्यांची जाळी सुताची आणि तागाची असत. ती झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावी लागत. १९५० नंतरच्या दोन दशकांत नायलॉनची जाळी भारतीय किनाऱ्यावर आली. ती हलकी, बळकट आणि न कुजणारी असल्याने मासेमारांनी तिचे स्वागत केले, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. पण सुताचे जाळे समुद्रात हरवले तर काही काळाने विरून जाई. नायलॉनचे हरवलेले जाळे तसेच तरंगत राहून मासे आणि कासवे अडकवीत राहते. मासेमार समाज हा ह्या संकटाचा केवळ बळी किंवा केवळ कर्ता ठरत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

शास्त्रज्ञांचे लक्ष ह्या प्रश्नाकडे वेधले गेले ते १९७२ साली. कारपेंटर आणि स्मिथ ह्यांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर दर चौरस किलोमीटरमागे सरासरी ३,५०० प्लास्टिकचे तुकडे असल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध केले. १९९७ साली चार्ल्स मूर ह्या नाविकाला उत्तर पॅसिफिक महासागरात, भूमीपासून अतिदूर, तरंगत्या कचऱ्याचा विस्तीर्ण प्रदेश आढळला. २००४ साली रिचर्ड टॉमसन ह्यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांकडे लक्ष वेधले आणि ‘मायक्रोप्लास्टिक’ ही संज्ञा रूढ झाली. २०१० ह्या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक भूमीवरून समुद्रात गेले असावे, असा अंदाज २०१५ साली मांडला गेला. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासाने असे दाखविले की, २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले, त्यातील ६३० कोटी टन कचरा बनले आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरासाठी प्रक्रिया होऊन परत आले. लोकप्रयत्नांचे मोजमाप ह्या आकड्यांच्या पार्श्वभूमीवरच करावयास हवे; अन्यथा आपण एका ओंजळीला ओहोटी समजण्याची चूक करू.

आता प्रत्यक्ष प्रयत्नांकडे वळू. अमेरिकेत ह्या विषयाच्या दोन परंपरा दिसतात, आणि त्यांच्यातील भेद ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पहिली परंपरा १९५३ साली स्थापन झालेल्या ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ह्या संस्थेची. बाटल्या, डबे आणि वेष्टने तयार करणाऱ्या व वापरणाऱ्या उद्योगांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. ‘लिटरबग’, म्हणजे कचरा टाकणारा किडा, हा शब्द तिच्या प्रचारातून घरोघरी पोचला. शब्दाची रचना पाहता दोष कोणावर ठेवला आहे हे उघड दिसते: वस्तू निर्माण करणारा ह्या शब्दाच्या कक्षेतच येत नाही, जो ती शेवटी हातातून सोडतो, तोच काय तो अपराधी. संस्थेने स्वच्छतेचे कार्य केलेच नाही असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु प्रश्नाची मांडणी तिने ज्या शब्दांत केली, त्या शब्दांनी उत्तराची दिशाही ठरवून टाकली.

दुसरी परंपरा १९८६ सालची. टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा ह्या दोन कार्यकर्त्यांनी एक मोहीम योजिली. २,८०० स्वयंसेवक आले आणि १२४ टन कचरा गोळा झाला. एवढ्यानेच ती मोहीम इतिहासात राहिली नसती. ह्या दोघींनी प्रत्येक स्वयंसेवकाच्या हाती पिशवीबरोबर एक नोंदपत्र दिले. काय सापडले, किती सापडले, कोठले असावे, ह्याची वस्तुवार नोंद त्यावर करावयाची होती. त्या नोंदींवरून किनाऱ्यावरील पुष्कळ कचरा जहाजांवरून आलेला आहे हे दिसून आले. जहाजांतून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास बंदी करणारे आंतरराष्ट्रीय कराराचे पाचवे परिशिष्ट त्या वेळी मान्यतेच्या प्रतीक्षेत होते. अमेरिकेने १९८७ साली त्यास संमती देऊन तदनुसार कायदा केला, आणि ३१ डिसेंबर १९८८ पासून ते परिशिष्ट अमलात आले. किनाऱ्यावरील नोंदींनी ह्या विधिनिर्मितीस बळ दिले. पुढे ह्याच मोहिमेचे आंतरराष्ट्रीय किनारा-स्वच्छता दिनात रूपांतर होऊन सप्टेंबरातील तिसरा शनिवार त्यासाठी ठरला.

दोन्ही परंपरांत माणसे वाकून कचराच उचलतात. बाहेरून पाहणाऱ्यास भेद दिसणार नाही. पण एका ठिकाणी उचललेला कचरा लज्जेचा विषय होतो, दुसऱ्या ठिकाणी तो पुराव्याचा विषय होतो. लज्जा व्यक्तीपाशी थांबते; पुरावा उगमापर्यंत जातो.

ऑस्ट्रेलियात १९८९ च्या जानेवारीत इयन कीर्नन ह्यांच्या पुढाकाराने सिडनी बंदराची स्वच्छता झाली. १९८६–८७ साली एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करताना सारगासो समुद्रातील कचरा पाहून ते व्यथित झाले होते. सुमारे ४०,००० लोक ह्या कार्यास आले. पुढील वर्षी ही चळवळ देशभर पसरली, आणि १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने जगभर. लोक एवढ्या संख्येने येऊ शकतात हे ह्या प्रयत्नाने सिद्ध केले. इंग्लंडमधील मॉडबरी ह्या लहानशा गावाचा मार्ग मात्र वेगळा होता. पॅसिफिकमधील पक्ष्यांची प्लास्टिकमुळे झालेली दैना चित्रित करून परतलेल्या रिबेका हॉस्किंग ह्यांनी आपल्या गावातील दुकानदारांना एकत्र केले, आणि मे २००७ पासून तेथील दुकानांनी प्लास्टिकच्या पिशव्या देणेच बंद केले. सिडनीत लोक कचऱ्याकडे गेले. मॉडबरीत कचरा होण्यापूर्वीच लोक वस्तूकडे गेले.

तिसरा मार्ग मासेमारांचा. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील नगरपालिकांच्या संघटनेने २००० साली नेदरलँड्समध्ये असा उपक्रम सुरू केला की, जाळ्यात मासळीबरोबर आलेला कचरा पुन्हा समुद्रात न टाकता मोठ्या पिशव्यांत भरून बंदरावर आणावा. त्याच्या विल्हेवाटीचा भार मासेमारांवर पडणार नाही. भारतात ह्याच प्रकारचा ठळक प्रयोग २०१७ साली केरळातील कोल्लमजवळ शक्तिकुळंगरा येथे ‘शुचित्व सागरम्’ ह्या नावाने झाला. मासेमारांनी कचरा बंदरावर आणावा, तेथे स्त्रियांनी तो निवडून धुवावा, यंत्राने त्याचा चुरा व्हावा आणि तो चुरा रस्त्यांच्या डांबरात मिसळावा, अशी साखळी शासनाची खाती आणि मासेमार ह्यांनी मिळून उभी केली. येथे समाजाने केलेले काम त्याच्या दैनंदिन धंद्याच्या ओघातच येते. त्यासाठी सुटीचा दिवस काढावा लागत नाही. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

महाराष्ट्रातील घटनांचा विचार करताना प्रथम २६ जुलै २००५ ह्या दिवसाचे स्मरण होते. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारे तुंबण्याच्या अनेक कारणांत प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या, हे सर्वांच्या नजरेस आले. राज्याने त्यानंतर पिशव्यांवर निर्बंध घातले, आणि २००६ साली विघटन न होणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला. म्हणजे आपल्याकडे प्रथम आपत्ती आली, मग कायदा आला, आणि लोकचळवळ त्यानंतर आली. टेक्सासमधील क्रमाच्या हे उलट आहे. कायदा अगोदर असूनही किनारे भरत राहिले, ह्यावरून लोकप्रयत्नावाचून कायदा आणि कायद्यावाचून लोकप्रयत्न हे दोन्ही सारखेच पंगू ठरतात, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

वर्सोव्याची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हे वकील आणि हरबंश माथूर हे त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी अशा दोघांनीच कचरा उचलण्यास प्रारंभ केला. हळूहळू विद्यार्थी, कोळी बांधव, चित्रपटसृष्टीतील मंडळी, झोपडपट्टीतील रहिवासी असे शेकडो लोक दर आठवड्यास येऊ लागले. सुमारे अडीच किलोमीटरच्या ह्या किनाऱ्यावरून काही हजार टन कचरा निघाला. डिसेंबर २०१६ मध्ये शाह ह्यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

ह्या हकीकतीत साधारणतः गाळली जाणारी गोष्ट अशी. नोव्हेंबर २०१७ मध्ये, शंभराहून अधिक आठवड्यांच्या अखंड श्रमांनंतर, गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाही आणि स्वयंसेवकांस शिवीगाळ सोसावी लागते, ह्या कारणांस्तव हे काम थांबवीत असल्याचे शाह ह्यांनी जाहीर केले होते. काही काळाने ते पुन्हा सुरू झाले. परंतु ते थांबणे उपेक्षणीय नाही. लोक कचरा उचलू शकतात, त्याचे ढीग करू शकतात. पण ढीग वाहून नेण्याची यंत्रणा लोकांपाशी नसते. लोकप्रयत्नाची सीमा नेमकी त्या ढिगापाशी येते. पुढे ह्या कार्यकर्त्यांचे लक्ष मिठी नदीकडे आणि तिच्या काठच्या वस्त्यांकडे वळले, हा त्यांनी स्वानुभवातून घेतलेला धडा होय. किनाऱ्यावर भरतीगणिक नवा कचरा येत असता केवळ वाळू निवडीत बसणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे, हे त्यांच्या ध्यानी आले असावे.

ह्या कार्यास ‘श्रमदान’ असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यामागे गाडगेबाबांच्या खराट्याची आणि पारनेरचे रस्ते भल्या पहाटे झाडणाऱ्या सेनापती बापटांची थोर परंपरा उभी आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा विचारही मनात येऊ नये. पण ‘दान’ ह्या पदाबरोबर एक अडचण येते. दान देणाऱ्यास हिशेब मागण्याचा अधिकार उरत नाही. दिले की संबंध संपला. गाडगेबाबा गाव झाडीत, पण झाडून झाल्यावर रात्री कीर्तनात गावकऱ्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. खराटा आणि प्रश्न ही त्यांच्या कार्याची दोन अंगे होती. आजच्या मोहिमांनी खराटा उचलला. प्रश्नाचे अंग मात्र पुष्कळदा मागे पडले. ज्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव छापलेले असते, ते वेष्टन वाळूतून उचलताना ते नाव वाचावयाचे की नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

येथे वेसाव्याच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे उचित नव्हे. ‘वर्सोवा’ हे नाव नकाशावरचे. कोळी ह्या गावास वेसावे म्हणतात. ओढ्याच्या ओघात स्थिर मांडलेल्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा ह्यांबरोबर पिशव्यांचा लगदा येऊ लागला, तेव्हापासून तो निवडून वेगळा काढण्याचे काम कोळी स्त्री-पुरुष करीतच आले आहेत. त्या श्रमास मोहीम हे नाव मिळाले नाही, त्याची गणती झाली नाही आणि त्याचा गौरवही झाला नाही. जे काम पोटासाठी करावे लागते त्यास चळवळ न म्हणण्याची आपली सवय इतिहासलेखनास घातक आहे.

हाच मुद्दा किनाऱ्यापासून दूर असलेल्या पुण्याच्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो. तेथे १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. पंचायतीच्या नावात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे, प्लास्टिक नाही. नावे ठेवताना माणसे आपल्या धंद्यातील मुख्य वस्तू निवडतात. अवघ्या तीन दशकांत टोपलीतील वस्तू कशी पालटली, हे त्या नावावरून सहज कळते. पुण्याची मुळा-मुठा भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. ह्या स्त्रिया जी बाटली वा पिशवी वेगळी काढतात, तिचा समुद्राकडे जाणारा मार्ग तेथेच खुंटतो. तरीही समुद्ररक्षणाच्या कोणत्याही वृत्तांतात त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

कायद्याचा आढावा थोडक्यात घेऊ. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घोषित केली आणि तीन महिन्यांनी तिची अंमलबजावणी सुरू झाली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठरावीक वस्तूंस मनाई केली. पिशवीची किमान जाडी १९९९ साली २० मायक्रॉन होती. ती वाढत वाढत २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉनवर आली. जाडीच्या भाषेत बोलणारा कायदा वस्तूचे अस्तित्व मान्य करूनच बोलतो, हे येथे नमूद करावेसे वाटते. आंतरराष्ट्रीय पातळीवर नैरोबी येथे मार्च २०२२ मध्ये बंधनकारक करार करण्याचे ठरले. परंतु २०२४ च्या अखेरीस बुसान येथे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या वाटाघाटी निर्णयाविना संपल्या. उत्पादनावरच मर्यादा घालावी की केवळ कचऱ्याची व्यवस्था पाहावी, हा तेथील मुख्य वाद. १९५३ आणि १९८६ ह्या दोन परंपरांतील मतभेदच आता राष्ट्रांच्या मुखाने बोलत आहे, असे दिसते.

ह्या सर्व विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, उचलण्याबरोबर जेथे मोजणी झाली तेथेच लोकप्रयत्नाचे रूपांतर विधीत झाले. दुसरा, जो प्रयत्न धंद्याच्या अगर वस्तीच्या नित्यक्रमात मुरला तो टिकण्याची शक्यता अधिक. जो केवळ सणासारखा साजरा झाला तो सणासारखाच ओसरला. तिसरा, प्रत्येक यशस्वी प्रयत्न किनाऱ्यावरून उगमाकडे, म्हणजे जहाजाकडे, दुकानाकडे, नाल्याकडे अथवा घराच्या दाराकडे सरकलेला आढळतो.

‘स्वच्छ’ आणि ‘साफ’ हे दोन शब्द आपण समानार्थी मानतो. ‘साफ’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘स्वच्छ’ संस्कृत. ‘सु’ आणि ‘अच्छ’ ह्यांचा तो संधी, आणि त्याचा मूळ अर्थ अतिशय निर्मळ, आरपार दिसणारे, असा पाण्याविषयीचा आहे. रविवारच्या श्रमांनी किनारा साफ होतो. समुद्र स्वच्छ होण्यास आपला सारा व्यवहार आरपार दिसला पाहिजे: कोणी काय बनविले, कोणी विकले, कोणी वापरले आणि कोणी उचलले. ही शेवटची नोंद अद्याप झालेली नाही. वेसाव्याच्या, सातपाटीच्या, हर्णैच्या आणि मालवणच्या मासेमार कुटुंबांत जाळ्यातील ह्या नव्या वस्तूला कोणते शब्द वापरतात, ती प्रथम केव्हा दिसली असे वृद्ध सांगतात, आणि ती निवडण्यात दिवसाचा किती वेळ जातो, ह्याची टिपणे आजही सहज मिळण्याजोगी आहेत. ज्या वृद्धांनी सुताची जाळी हाताळली ते आता थोडेच उरले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास ह्या विभागाने त्यांस सर्व प्रकारे साहाय्य करावे, अशी सूचना करून हा लेख येथे थांबवितो.